हात भाजेल म्हणून

दर शनिवारी दुपारी, जेवणाची भांडी विसळून झाली की देओलिंदा उजव्या हातात जाड मोजा चढवायची, डाव्या हातात पत्र्याची बादली घ्यायची आणि तळघराचा जिना उतरायची. तिचा नवरा हेर्मिनियो वर, जिन्याच्या तोंडाशी, स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून बसायचा. त्याचे गुडघे गेले होते, जिने चढणं-उतरणं डॉक्टरने बंद केलं होतं. तोंड मात्र ठणठणीत होतं. उभा जन्म आमच्या फॉल रिव्हर गावातल्या गिरणीत बॉयलर सांभाळलेला माणूस; भट्ट्यांच्या आवाजावर ओरडून ओरडून हळू बोलणं कसं असतं ते तो विसरूनच गेला होता.

"उतरलीस?"

"उतरले."

"हात लावू नकोस अजून. आधी आच बंद करतो. भाजून घेशील."

मग तो कण्हत उठायचा आणि भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचा काटा खाली आणायचा. तळघरात बर्नर एक उचकी देऊन गप्प व्हायचा. बॉयलरच्या कुशीला चिकटलेली एक लोखंडी डबी होती, तिच्याखालची तोटी देओलिंदा उघडायची आणि बादलीत गढूळ, गंजकं पाणी पडायला लागायचं. ते निवळेपर्यंत थांबायचं, तोटी बंद करायची, काचेच्या उभ्या नळीत पाणी किती आहे ते बघायचं आणि कमी असलं तर दुसरी तोटी जराशी सोडून नळी अर्धी भरायची. "निवळलं हो!" अशी तिने हाळी दिली की वर काटा पुन्हा चढायचा आणि तिन्ही मजल्यांवरचे रेडिएटर सुस्कारे टाकत तापायला लागायचे.

त्या डबीला गिरणीतली माणसं पहारेकरी म्हणत. आत एक पोकळ गोळा तरंगत असतो, संडासाच्या टाकीत असतो तसला. बॉयलरमधलं पाणी घटलं की गोळा खाली बसतो आणि आच आपोआप बंद पडते. गाळ साचला की गोळा अडकतो, म्हणून आठवड्याचं हे धुणं. आमच्या भागातल्या जुन्या घरांतून शनिवारी असं गढूळ पाणी ओतणारी बाई दिसली नाही तर शेजारी चौकशी करत, आजारी आहे का म्हणून.

आम्ही समुद्रापलीकडच्या बेटांवरून इथल्या गिरण्यांत आलेली माणसं. आमच्या बायका नवऱ्याचं कौतुक चारचौघांत करत नाहीत. दृष्ट लागते म्हणतात. खरं म्हणजे कौतुक करण्यासारखं फारसं नसतंच. देओलिंदाला मात्र एक दाखला पुरे होता. "बाकी काही म्हणा," ती म्हणायची, "माझा हात भाजू नये म्हणून माणूस दुखऱ्या गुडघ्यांवर उठतो. दुसऱ्या कुणाचा नवरा उठतो का बघा." बायका हसायच्या, पण घरी जाऊन आपापल्या नवऱ्यांना टोमणेही मारायच्या.

त्या वर्षी देवाने तिच्याकडे पाहिलं. ईस्टरनंतर आमच्याकडे पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट घरोघर राहायला जातो. कुणाच्या घरी, हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. माणसं म्हातारी होतात, मरतात, पण चिठ्ठी निघत नाही. देओलिंदाची निघाली. तिने पुढची खोली रिकामी केली, कागदाच्या पांढऱ्या फुलांची वेदी पायऱ्यापायऱ्यांनी छतापर्यंत चढवली आणि वर मुकुट ठेवला. खालच्या पायरीवर तिने स्वतः भाजलेले गोड पाव ठेवले होते, दोन पायांच्या आकाराचे, गुडघ्यापाशी वाकलेले. ज्या अवयवाचं दुखणं, त्या आकाराचा पाव, असा नवस असतो आमचा. हेर्मिनियोचे गुडघे बरे व्हावेत, एवढंच तिने मागितलं होतं.

रोज संध्याकाळी माणसं रोझरीला, जपमाळेच्या प्रार्थनेला, येत. शनिवार शेवटचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मिरवणुकीने मुकुट चर्चला जाणार, म्हणून शनिवारी गर्दी ठरलेली. खोलीत मावली नाहीत तर माणसं जिन्यावर बसणार. त्यात समुद्रावरून असा बोचरा वारा सुटला होता, की एप्रिल आहे हे कॅलेंडरशिवाय कुणाला पटलं नसतं. हेर्मिनियो सकाळपासून चर्चच्या हॉलमध्ये होता, रविवारी सगळ्यांना वाढायच्या सुपासाठी मांस कापायला. कापण्यापेक्षा बोलण्यात त्याचा हात चांगला चालायचा. त्याची एक ठरलेली गोष्ट होती, लग्नात, बारशात, अगदी मयतातही सांगायचा. जुन्या गिरणीत एका अडाणी माणसाने कोरड्या पडलेल्या बॉयलरला पाणी पाजलं, त्याची गोष्ट. "लाल तापलेलं लोखंड, त्यावर पाणी! क्षणात वाफ. लोखंड कागदासारखं फाटतं. आणि पहिला मरतो तो कोण? तोटीवर हात असतो तो!" इथे तो टेबलावर थाप मारायचा. पोरं दचकायची आणि पुन्हा सांग म्हणायची.

तर त्या शनिवारी देओलिंदा एकटीच तळघरात उतरली. काटा तिने खाली आणला नाही. संध्याकाळी एवढी माणसं येणार, घर गार करून कसं चालेल? एक दिवस जपून करू, हातात मोजा आहेच, असं तिने मनाशी म्हटलं. तिच्या मागोमाग लुदोविना उतरली. ही तिची शेजारीण, तिच्या मुलीची धर्ममाता, जिभेने फटकळ आणि मनाने साफ. तिला फळीवरची मिरच्यांच्या लोणच्याची बरणी हवी होती.

देओलिंदाने तोटी उघडली. वाफाळतं पाणी बादलीत पडायला लागलं. बर्नर धडधडतच होता.

बरणी कुशीत घेऊन लुदोविना थबकली. "ए, तुझी आच का नाही बंद झाली?"

"मी कुठे बंद केली? वर काटा तसाच ठेवून आलेय."

"अगं, तू बंद करायचीच नसते मुळी! पाणी काढलं की ती आपली आपण विझते. माझी तर फट्कन विझते. तेवढंच तर बघायचं असतं. नाहीतर हे काय, बॉयलरला आंघोळ घालायला येतेस होय दर शनिवारी?"

"हे आधीच बंद करतात ना. हात भाजेल म्हणून."

"मग पहारेकरी जागा आहे की घोरतोय, ते कळतं कसं तुम्हाला?"

देओलिंदा हसली. हसता हसता तिने बादली ओतली, पुन्हा तोटीखाली धरली आणि पुन्हा तोटी सोडली. पाणी अगदी नितळ आलं. बर्नर धडधडत राहिला. तिचं हसू कधी मावळलं ते तिला कळलं नाही.

वर जिन्याच्या तोंडाशी बॉयलरचं लाल बटण होतं, ते तिने धावत जाऊन खाली ओढलं. सगळं एकदम शांत झालं, तेव्हा वरच्या मजल्यावर नणंदेच्या रेडिओवर चाललेलं गाणं ऐकू आलं. देओलिंदा स्वयंपाकघरातली सुरी घेऊन परत उतरली आणि तिच्या टोकाने डबीच्या झाकणाचा स्क्रू काढला. तो फार सहज निघाला. आत दोन पितळी टोकं होती आणि त्यांच्यामध्ये वायरचा एक तुकडा, बोटभर लांब, दोन्ही बाजूंनी सोलून पिळलेला. गोळा वर असो की खाली, मेला असो की जिवंत, आच चालूच राहील अशी ती सोय. पहारेकऱ्याला दारू पाजून निजवावं तशी.

वायरच्या मधोमध निळी टेप गुंडाळलेली होती.

ती टेप देओलिंदाला परकी नव्हती. हेर्मिनियोच्या चष्म्याची दांडी त्याच टेपने बांधलेली होती. छत्रीची मूठ, रेडिओची वायर, तिच्या शिवणाच्या डब्याचं बिजागर, घरात जे जे मोडलं ते ते त्याने त्याच टेपने, शेवटी एक तिरका वेढा देऊन बांधलं होतं. इथेही तिरका वेढा होता.

"देओलिंदा," लुदोविना हळूच म्हणाली. तिला हळू बोलता येतं हेही त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं. "मी कुणाला सांगणार नाही. पण हा बॉयलर पुन्हा पेटवणार असलीस, तर मी काही आज रोझरीला येत नाही, आणि माझ्या माणसांनाही येऊ देणार नाही." ती बरणी तिथेच विसरून गेली.

देओलिंदा उलट्या बादलीवर बसून राहिली. तिला फेब्रुवारीतला एक शनिवार आठवत होता. त्या हिवाळ्यात पाणी जास्तच भरावं लागत होतं. कुठेतरी नळी गळत होती. त्या शनिवारी काचेत पाणीच दिसेना. "अहो, नळी रिकामी आहे!" तिने ओरडून सांगितलं होतं आणि भरायच्या तोटीवर हात ठेवला होता. वर खुर्ची धाडकन सरकली. मग तो ओरडला होता, "थांब! हात काढ! निवू दे आधी, चांगलं निवू दे, मग भर." त्याचा आवाज चिरकला होता. केवढा जपतो, असं तिला वाटलं होतं. त्या रात्री तिने त्याच्यासाठी मुद्दाम तांदळाची खीर केली होती.

तोटीवर हात असतो तो पहिला मरतो, हे टेबलावर थाप मारून सांगणाऱ्या माणसाने तिला तोटीपाशी पाठवलं होतं. आणि स्वतः वर खुर्ची टाकून बसला होता.

संध्याकाळी तो शर्ट बदलायला घरी आला. अंगाला मांसाचा आणि पुदिन्याचा वास, मूड खुशीत. दारातच थांबला. "हे काय? रेडिएटर गार का?"

तिने डबीतून काढलेली वायर टेबलावर ठेवली.

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "कुणी उघडली डबी?" हा त्याचा पहिला प्रश्न.

"मी."

"तुला कुणी सांगितलं होतं नसत्या जागी हात घालायला?"

"दर शनिवारी घालायला कुणी सांगितलं होतं?"

तो खुर्चीत बसला. मग हळूहळू बाहेर आलं. त्याचे गुडघे नवे नवे गेले होते, तो हिवाळा. डबी महिनोन् महिने कुणी धुतली नव्हती, गोळा गाळात खालीच अडकत होता आणि आच घटकेघटकेला बंद पडत होती. वरच्या मजल्यावर त्याच्या थोरल्या बहिणीला, फिलोमेनाला, न्यूमोनिया झालेला. गार पडलं की ती काठीने जमीन ठोकायची आणि ओरडायची, कसला रे तू बॉयलरवाला!

"एका रात्रीपुरती लावली होती, बसत बसत जिना उतरून," हेर्मिनियो म्हणाला. "तुझ्या गळ्याची शपथ."

"माझा गळा राहू दे. दुरुस्तीवाला का नाही बोलावला?"

"कुणाला बोलावू? जासिंतो मुकादमाच्या जावयाला? म्हणजे दुसऱ्या दिवशी गावभर, की हेर्मिनियोच्या घरचा पहारेकरी गाळात रुतला! ज्याने तीन भट्ट्या सांभाळल्या, त्याला घरचा एक बॉयलर सांभाळता आला नाही! तुला कळणार नाही ते."

"आणि फेब्रुवारीत?"

त्याने चष्मा पुन्हा काढला.

"नळी रिकामी होती. माझा हात तोटीवर होता."

"थांबवलं ना मी तुला?" तो एकदम सरसावून म्हणाला. जणू आता सुटलो. "सांग, थांबवलं की नाही?"

"थांबवलंत," देओलिंदा म्हणाली. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. आणि पुढच्या शनिवारी पुन्हा मला खाली पाठवलंत."

तिने विचारलं, "आणि आधी आच बंद करायचात, ती हात भाजेल म्हणून?" तेव्हा त्याने टेबलावरचा पावाचा चुरा बोटाने गोळा करायला घेतला. आच तशीच चालू राहिलेली तिला दिसू नये म्हणून तो उठायचा, दुखऱ्या गुडघ्यांवर. एवढ्या वर्षांत तिला मिळालेलं सगळ्यात मोठं प्रेम हे होतं, आणि ते चोरी झाकायचं फडकं निघालं.

एवढ्यात फिलोमेना शाल लपेटून वरून खाली आली. "काय गं, घर आहे की बर्फाची पेटी?" मग तिची नजर वायरवर गेली. "हात्तिच्या! एवढ्यासाठी तोंडं सुतकी? घर उभं आहे ना अजून?"

"वन्सं, तुम्हाला ठाऊक होतं?"

"मग! मीच म्हटलं होतं त्याला, आच बंद पाडणारं ते खेळणं काढून टाक म्हणून."

देओलिंदा तिच्याकडे बघत राहिली. "म्हणून तुम्ही कधी तळघरात उतरत नाही," ती म्हणाली. "बटाटे हवे, देओलिंदा. बरणी हवी, देओलिंदा. वाळत घातलेले कपडे आण, देओलिंदा."

फिलोमेनाने शाल आवळली आणि वेदीकडे बघून क्रूसाची खूण केली. तिच्या बाजूने तेवढंच उत्तर होतं.

"आजची एक रात्र," हेर्मिनियो आता अजिजीने म्हणाला. "जासिंतो येणार, गिरणीतले सगळे येणार. मुकुट घरात आणि घर थंड, हे बरं दिसेल का? लावून टाक ती वायर. उद्या मुकुट गेला की मी स्वतः दुरुस्तीवाला बोलावतो."

"आज या खोलीत अख्खी आळी गुडघे टेकणार आहे. खाली काय आहे ते मला आता माहीत आहे." ती लाल बटणाला पाठ लावून उभी राहिली. "याला हात लावायचा नाही." लग्न झाल्यापासून तिने त्याला असं कधी सांगितलं नव्हतं. सांगताना तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण बटणापासून ती हलली नाही. थंड घरात मुकुट ठेवणारी बाई म्हणून आयुष्यभर नाव निघेल, हे तिलाही कळत होतं. एवढी वर्षं वाट बघितलेली ती संध्याकाळ होती.

माणसं आली. लुदोविनाही आली. आत पाऊल ठेवल्याबरोबर ज्याचा त्याचा हात पुन्हा कोटाच्या बटणाकडे जायचा. म्हाताऱ्या बायकांनी शाली डोक्यावरून घेतल्या. जासिंतो, गिरणीच्या बॉयलरघराचा जुना मुकादम, रेडिएटरवर तळहात टेकवून म्हणाला, "काय हेर्मिनियो, घोड्याला चारा नाही वाटतं?"

सगळे हेर्मिनियोकडे बघायला लागले. देओलिंदा कॉफीचं ताट घेऊन दारात उभी होती. तो काय म्हणतो, याच्याकडे तिचा जीव लागला होता. एक शब्द खरा बोलला असता, अर्धा बोलला असता, तरी बहुतेक तिने त्याला पदरात घेतलं असतं. बायका घेतात.

हेर्मिनियो हसला. "काय सांगू राव! आमच्या बाईसाहेब बॉयलरचं तेल मागवायला विसरल्या. मुकुटाच्या नादात टाकी कोरडी!"

खोलीत हशा पिकला. मायेचाच होता. "अगंबाई, देओलिंदा!" कुणी म्हणालं. "होतं असं. मुकुट घरात आला की बाईला काय सुचतंय?" फिलोमेना तर म्हणाली, "मी आठवण केली होती तिला." देओलिंदाने ताट खाली ठेवलं.

रोझरी झाली. प्रत्येक प्रार्थनेबरोबर माणसांच्या तोंडातून वाफ निघत होती. मग एकेक जण उठून मुकुटाचं चुंबन घ्यायला लागला. घरच्या बाईची पाळी शेवटी. देओलिंदा पुढे आली, तिने मुकुटाला ओठ लावले, एप्रनच्या खिशात हात घातला आणि खालच्या पायरीवर, पावाच्या त्या दोन पायांच्या मध्ये, वायर ठेवली.

बायकांना काही कळलं नाही. पण खोलीतले निम्मे पुरुष बॉयलरघरात म्हातारे झालेले. तेवढा तुकडा बघायला त्यांना चष्मा लागत नव्हता. जासिंतो पुढे आला. वायर त्याने उचलली, टेपवर अंगठा फिरवला आणि हेर्मिनियोच्या चष्म्याकडे बघितलं.

"कुठे होती ही?"

"पहारेकऱ्यात," देओलिंदा म्हणाली. "तेल टाकीत भरपूर आहे."

दोन-तीन माणसांची नजर आपोआप पायाखालच्या फळ्यांकडे गेली. जासिंतो मात्र हेर्मिनियोवरून नजर काढेना.

"आणि पाणी कोण भरायचं?" त्याने विचारलं.

ती गोष्ट सगळ्यांनी ऐकली होती, टेबलावरच्या थापेसकट.

"मी दर वेळी आधी आच बंद करायचो, जासिंतो," हेर्मिनियो म्हणाला. आवाज इतका बारीक, की मागच्यांनी माना पुढे केल्या. "विचार तिला. तिचा हात भाजू नये म्हणून."

"खरं आहे," देओलिंदा म्हणाली. "हात नाही भाजला माझा. एकदाही नाही."

मग तिने सुरी घेतली. नवसाचा पाव शेवटच्या रात्री वाटायचा असतो आणि माणसं थंडीत ताटकळली होती. तिने दोन्ही पाय गुडघ्यापासून कापले, त्यांचे तुकडे केले आणि ताट हातात घेऊन खोलीभर फिरली. जासिंतोला दिला, लुदोविनाला दिला, दारातल्या पोरांना दिला, फिलोमेनालाही दिला. हेर्मिनियोने हात पुढे केला होता. तिने ताट तिरपं करून त्याला दाखवलं. त्यात काही उरलं नव्हतं.